गार्चिंग ते खारघर : स्तनाच्या कर्करोगातले छोटे आरएनए

स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली की रुग्णाच्या हाती जो कागद पडतो, त्यावरच्या नोंदी ठरलेल्या असतात. गाठीचा प्रकार, ग्रेड, इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे की नाही, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आहे की नाही, हर-टू, केआय-६७. कागद परळच्या टाटा रुग्णालयातला असो की म्युनिकमधला, मजकूर साधारण हाच. मायक्रोआरएनएचा उल्लेख त्यात नसतो. दुसरीकडे, मायक्रोआरएनए आणि स्तनाचा कर्करोग यांचे नाते सांगणारे हजारो शोधनिबंध गेल्या वीस वर्षांत छापून आले, आणि २०२४ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हे रेणू शोधणाऱ्या व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना मिळाले. एवढे संशोधन होऊनही रुग्णाच्या कागदावर त्याची एक ओळ उतरू नये, याचे कारण काय?

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा रोग कसा चालतो, कसा पसरतो, हे समजायला या रेणूंनी मोठी मदत केली. निदानाची चाचणी आणि औषध म्हणून मात्र त्यांचा गवगवा फार लवकर झाला. हे रेणू काम कसे करतात याकडे नीट पाहिले असते, तर तो इतक्या लवकर झाला नसता.

सुरुवात झाली ती एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीपासून. १९९३ मध्ये अॅम्ब्रोस यांचा गट लिन-४ नावाच्या जनुकाचा माग काढत होता. त्यांना आढळले की या जनुकापासून प्रथिन बनतच नाही. बनतो तो फक्त बावीसेक अक्षरांचा आरएनएचा तुकडा. रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने त्याच वेळी दाखवले की हा तुकडा लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटतो आणि त्याचे प्रथिन रोखतो. पुढची सात वर्षे हे कृमींपुरतेच काहीतरी विचित्र प्रकरण मानले गेले. २००० मध्ये लेट-७ सापडला आणि तो कृमीपासून माणसापर्यंत जसाच्या तसा निघाला, तेव्हा लोक सावध झाले. ऑक्टोबर २००१ च्या ‘सायन्स’मध्ये तीन गटांचे निबंध एकत्र आले; त्यातला एक गट जर्मनीतल्या ग्योटिंगनचा, थॉमस टुश्ल यांचा होता. मायक्रोआरएनए हे नाव तेव्हापासून रुळले.

पेशीत त्याची घडण अशी होते. डीएनएवरून एक लांब आरएनए उतरवला जातो. त्याचा काही भाग स्वतःवरच दुमडून आकड्यासारखा होतो : दोन बाजूंची जोडी जमून दांडा, आणि टोकाला फास. केंद्रकात ड्रोशा हे विकर डीजीसीआर-८ या साथीदाराच्या मदतीने तो आकडा कापून वेगळा करते. आकडा केंद्रकाबाहेर येतो, तिथे डायसर हे दुसरे विकर त्याचा फास छाटते. उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक आर्गोनॉट नावाचे प्रथिन धरून ठेवते. मग ही जोडी पेशीतले संदेशवाहक आरएनए चाचपत फिरते. पट्टीचे दुसरे ते आठवे अक्षर संदेशातल्या अक्षरांशी जुळले, की तो संदेश दाबला जातो किंवा लवकर मोडीत निघतो.

जुळणी सात अक्षरांचीच असल्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना लागू पडू शकतो आणि एका संदेशावर अनेक मायक्रोआरएनए बसू शकतात. माणसाच्या प्रथिने बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुके अशी कोणाच्या ना कोणाच्या टाचेखाली आहेत. पण ती टाच हलकी आहे. २००८ मध्ये बर्लिनच्या माथियास झेलबाख यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या डेव्हिड बार्टेल यांच्या गटाने एकेका मायक्रोआरएनएमुळे पेशीतली हजारो प्रथिने किती घटतात हे मोजले. बहुतेक प्रथिने निम्म्यानेसुद्धा घटली नव्हती. स्वयंपाकातल्या मिठासारखे हे आहे : चिमूट तीच, पण कोणत्या पातेल्यात पडते आणि त्यात आधीच किती आहे यावर सगळे ठरते. पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ इथे आहे.

मग एखाद्या मायक्रोआरएनएची मात्रा ठरते कशी? या प्रश्नावर गार्चिंगमध्ये झालेले काम मला या सगळ्या पसाऱ्यात विशेष आवडते. म्युनिकच्या उत्तरेला यू-६ मेट्रो जिथे संपते ते हे गाव. जर्मनीची पहिली अणुभट्टी इथे १९५७ मध्ये सुरू झाली. तिचा अंड्याच्या आकाराचा घुमट गावाच्या मानचिन्हात जाऊन बसला आहे. प्लाझ्मा, खगोलभौतिकी आणि क्वांटम प्रकाशशास्त्र यांच्या माक्स प्लांक संस्था इथे आहेत, म्युनिक तंत्र विद्यापीठाचे भौतिकी आणि रसायनाचे विभाग आहेत. शिकायला आलेल्या भारतीय मुलांची वर्दळही असते. कर्करोगाचे रुग्णालय मात्र नाही. विद्यापीठाचे रुग्णालय शहरात, इझार नदीच्या काठी आहे. गार्चिंगमध्ये आहे ते बव्हेरियन एनएमआर केंद्र. रेणूतले अणू प्रबळ चुंबकक्षेत्रात कसा प्रतिसाद देतात यावरून त्या रेणूची द्रावणातली ठेवण ओळखणारी यंत्रे तिथे आहेत. मिखाएल झाट्लर यांचा गट तिथे आरएनए आणि त्याला धरणारी प्रथिने यांचा अभ्यास करतो. आर्गोनॉट प्रथिनाचा आरएनएला पकडणारा एक भाग कसा दिसतो हे दाखवणाऱ्या २००३ च्या एका निबंधातही झाट्लर होते. तेव्हा ते हायडेलबर्गला होते.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न असा. आपल्या तेराव्या गुणसूत्रावर सहा मायक्रोआरएनएंचा एक पुंजका आहे, ‘मिर-१७ ते ९२’ या नावाने ओळखला जाणारा (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए). २००५ मध्ये उंदरांतल्या लिम्फोमावर याचा परिणाम दिसला तेव्हा त्याला ‘ऑन्कोमिर-१’ म्हणू लागले. हे सहाही जण एकाच लांब आरएनएवर शेजारी शेजारी असतात, म्हणजे उतरवले जातात एकाच वेळी आणि सारख्याच संख्येने. तरीही पेशीत त्यांची मात्रा सारखी नसते. एडिंबरामध्ये सोनिया गिल आणि हाविएर कासेरेस यांनी २००७ मध्ये दाखवले होते की एचएनआरएनपी-ए-१ नावाचे प्रथिन या सहांतल्या फक्त मिर-१८-ए च्या आकड्याला चिकटते आणि त्याची कापणी वाढवते. बाकीच्या पाचांकडे ते ढुंकूनही पाहत नाही. हे कसे घडते ते कळले नव्हते. प्रथिन चिकटते टोकाच्या फासाला, तर ड्रोशा कापते दांड्याच्या दुसऱ्या टोकाला.

२०१८ मध्ये झाट्लर आणि कासेरेस यांच्या गटांनी मिळून ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये याचे उत्तर दिले. हमेद कूशापूर हे त्या निबंधाचे पहिले लेखक. आरएनए पकडण्यासाठी या प्रथिनाला दोन पकडी असतात. दोन्ही पकडी एकाच आकड्याच्या फासावर, ठरावीक अक्षरसमूहांवर बसतात. एका आकड्याला एकच प्रथिन. ही पकड बसली की तिचा परिणाम फासापुरता राहत नाही. दांड्यातल्या अक्षरजोड्या सैल होतात, आणि दांडा असा ढिला पडला की पुढची कापणी सोपी होते. एवढेच. पण या ‘एवढ्या’साठी अनेक वर्षे, एनएमआर, स्फटिकरचना आणि इतर मोजमापे यांचा मेळ घालावा लागला. परीक्षानळीत आणि पेशींत केलेल्या या कामात एकही रुग्ण नाही, आणि निबंधात उपचाराचा दावाही नाही.

स्तनाच्या कर्करोगाशी याचा संबंध लांबचा नाही. मिर-१८-ए ज्या संदेशांना दाबतो त्यात इस्ट्रोजेन रिसेप्टरचा संदेश आहे. २००९ मध्ये फिनलंडमधल्या एका गटाने रिसेप्टर दाबणारे मायक्रोआरएनए चाळून काढले, तेव्हा हे नाव वर आले. ज्या गाठींत रिसेप्टर नव्हता त्यांत मिर-१८-ए जास्त होता. रिसेप्टर असणे-नसणे ही या रोगातली पहिली फाळणी. रिसेप्टर असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा अॅरोमेटेज रोखणाऱ्या गोळ्या चालतात. नसेल तर तो रस्ता बंद. रिसेप्टर दाबणारा मिर-१८-ए हा एकटाच नव्हे. मिर-२०६ आहे, मिर-२२१ आणि २२२ ची जोडी आहे. २००८ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवले की ही जोडी वाढलेल्या पेशींवर टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो.

मोठ्या चित्राकडे वळायचे तर २००५ चे वर्ष महत्त्वाचे. त्याआधी, २००२ मध्ये, एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात तेराव्याच गुणसूत्राचा एक तुकडा गळतो आणि त्याबरोबर मिर-१५ आणि मिर-१६ जातात, हे कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेने दाखवले होते. २००५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने स्तनाच्या ७६ गाठी तपासल्या. निरोगी ऊतीच्या तुलनेत मिर-२१ आणि मिर-१५५ वाढलेले होते, मिर-१२५-बी आणि मिर-१४५ घटलेले. ही यादी अजून बऱ्यापैकी टिकून आहे. मिर-२१ तर जवळजवळ प्रत्येक कर्करोगात वाढलेला दिसतो. पेशीची वाढ आवरणाऱ्या पीटेनसारख्या प्रथिनांना तो दाबतो. पण सगळीकडे वाढणारा रेणू निदानाला कमी उपयोगाचा, कारण तो रोगाचे नाव सांगत नाही; दाह झाला तरी तो वाढतो.

स्तनाच्या कर्करोगात बाईचा जीव जातो तो बहुधा मूळ गाठीमुळे नाही. फुप्फुस, हाडे, यकृत, मेंदू इथे रोग पसरतो त्यामुळे जातो. म्हणून सगळ्यात चुरशीचे संशोधन पसरण्यावर झाले आणि सगळ्यात मोठ्या कोलांट्याही तिथेच बसल्या.

२००७ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेतून ली मा यांचा निबंध आला : मिर-१०-बी वाढवला की एरवी न पसरणाऱ्या स्तनाच्या कर्कपेशी उंदरात पसरू लागतात. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमधल्या गटाने ‘नेचर’लाच लिहून कळवले की २१९ रुग्णांच्या गाठींत मिर-१०-बी ची मात्रा आणि पुढे रोग पसरणे यांचा मेळ दिसत नाही. २०१० मध्ये पुन्हा मा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मिर-१०-बी रोखणारा रेणू दिला तर उंदरांत मूळ गाठ तशीच राहते, पण फुप्फुसात होणारा प्रसार कमी होतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असू शकतात. गाठीचा लगदा करून सरासरी काढली तर त्यातल्या मोजक्या पसरणाऱ्या पेशींतला फरक त्यात बुडून जातो. पण रुग्णाला सल्ला देणाऱ्या डॉक्टरने यातून काय घ्यायचे? त्या वेळी तरी काही नाही.

मिर-२०० कुटुंबाची गोष्ट याहून बोधप्रद. २००८ मध्ये अनेक गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले की हे कुटुंब झेब-१ आणि झेब-२ या प्रथिनांना दाबून पेशींना एकमेकींना धरून राहायला लावते. ते घटले की पेशी सुट्या होतात, हलू लागतात. म्हणजे मिर-२०० हा रखवालदार. तो वाढवा, रोग थांबेल, असा सरळ निष्कर्ष सगळ्यांनी काढला. २०११ मध्ये प्रिन्स्टनच्या यिबिन कांग यांच्या गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्याला छेद दिला. पेशी सुटी होऊन रक्तात उतरते तिथपर्यंत हे बरोबर. पण दूरच्या अवयवात पोचल्यावर पुन्हा वस्ती करायची तर तिला परत एकत्र यावे लागते, आणि तिथे मिर-२०० तिला मदतच करतो. एक वेगळी यंत्रणाही त्यांनी दाखवली : सेक-२३-ए हे प्रथिन मिर-२०० मुळे दाबले गेल्याने पेशीतून बाहेर पडणारी, प्रसाराला आवर घालणारी प्रथिने कमी होतात. म्हणजे प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात जो अडवतो, तोच शेवटच्या टप्प्यात हात देतो. अशा रेणूचे औषध करायचे तर ते कोणत्या दिवशी द्यायचे?

पेशी हे रेणू बाहेरही टाकतात, सूक्ष्म पुटिकांत भरून. २०१५ चे दोन निबंध इथे आठवतात. स्तनाच्या कर्कपेशींनी सोडलेला मिर-१२२ दूरच्या अवयवातल्या निरोगी पेशींना साखर कमी वापरायला लावतो आणि येणाऱ्या कर्कपेशींसाठी ती शिल्लक राहते, असे एका गटाने उंदरांत दाखवले. दुसऱ्याने उलटी दिशा दाखवली : मेंदूतल्या तारकापेशी मिर-१९-ए पाठवतात आणि तिथे पोचलेल्या कर्कपेशींतला पीटेन दाबतात, त्याने त्या पेशी तिथे फोफावतात. मिर-१९-ए म्हणजे गार्चिंगच्या मिर-१८-ए चा त्याच पुंजक्यातला शेजारी. वाचायला हे थरारक आहे. पण २०१४ मध्ये सिअॅटलमधल्या गटाने पुटिकांतले मायक्रोआरएनए प्रत्यक्ष मोजले तेव्हा, विपुल समजल्या जाणाऱ्या मायक्रोआरएनएचीसुद्धा एक प्रत सापडायला सरासरी शंभराहून अधिक पुटिका तपासाव्या लागतील असा हिशेब निघाला. इतक्या विरळ टपालाने दूरच्या पेशीचा कारभार बदलतो कसा, यावर अजून वाद आहे. तो असायलाच हवा.

आता मुंबईकडे. टाटा मेमोरियल केंद्राची संशोधन शाखा अॅक्ट्रेक नवी मुंबईत खारघरला आहे. तिथे अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने मायक्रोआरएनएवर केलेले काम एका शल्यविशारदाच्या प्रश्नातून निघाले. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १९९७ पासून एक चाचणी चालवली होती. शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन, ५०० मिलिग्रॅम, द्यायचे; निम्म्या रुग्णांना द्यायचे, निम्म्यांना नाही. एक हजार स्त्रिया त्यात होत्या. २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर निर्णायक फरक नव्हता. पण ज्यांच्या काखेतल्या लसिकाग्रंथींत रोग पोचला होता, त्यांच्यात पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ५४.७ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेले होते. गटातल्या एका भागावरून काढलेला निष्कर्ष जपूनच घ्यावा लागतो, हे खरे. तरीही स्वस्त, जुने, कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी मिळेल असे औषध इतका फरक पाडत असेल, तर ते पेशीत काय करते हे पाहायलाच हवे होते.

मुकुल गोडबोले, दत्त आणि सहकाऱ्यांनी ते पाहिले. प्रोजेस्टेरॉन दिले की पेशीतला प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर कमी होतो हे आधीपासून माहीत होते. तो का कमी होतो यासाठी त्यांनी चार प्रकारच्या स्तन-कर्कपेशींना प्रोजेस्टेरॉन देऊन त्यांतले सगळे छोटे आरएनए वाचून काढले. मिर-१२९-२ वाढलेला दिसला, पेशीत रिसेप्टर असो वा नसो. हाच रिसेप्टरचा संदेश दाबतो हे त्यांनी दाखवले आणि त्याला रोखले तर रिसेप्टर परत टिकतो हेही. मग अमेरिकेच्या सार्वजनिक माहितीसंचातल्या ३५९ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. जिथे रिसेप्टर कमी तिथे मिर-१२९-२ जास्त निघाला. २०१७ चा हा निबंध. पुढच्या वर्षी त्याच गटाने रिसेप्टर नसलेल्या पेशींतही प्रोजेस्टेरॉन एसजीके-१ हे किनेज वाढवून परिणाम घडवते हे दाखवले. त्यामुळे मूळ चाचणीतल्या इंजेक्शनचा परिणाम रिसेप्टरवरच का अवलंबून नसावा, याला एक संभाव्य उत्तर मिळाले.

मला या कामात आवडते ती त्याची दिशा. इथे आधी एक हजार स्त्रियांची चाचणी आहे, मग तिच्यातून उठलेला नेमका प्रश्न, आणि त्या प्रश्नापुरता एक मायक्रोआरएनए. बहुतेक ठिकाणी उलटे घडते : आधी यंत्रातून शंभर नावांची यादी काढायची, मग तिला शोभेल असा प्रश्न शोधायचा.

यादीच्या या सोसाचे सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे रक्ताची चाचणी. २००८ मध्ये रक्तद्रवात मायक्रोआरएनए टिकून राहतात हे कळले आणि सुईच्या एका टोचणीत कर्करोग ओळखण्याची स्वप्ने सुरू झाली. २०१० मध्ये आयर्लंडच्या गॉलवेमधल्या गटाने ८३ रुग्ण आणि ४४ निरोगी स्त्रिया यांच्या रक्ताची तुलना केली. रुग्णांत मिर-१९५ वाढलेला होता आणि शस्त्रक्रियेनंतर उतरला. मग इतर देशांतून याद्या येऊ लागल्या. एका गटाची यादी दुसऱ्याच्या यादीशी क्वचितच जुळली. कारणे फार गूढ नाहीत. कोणी रक्तद्रव घेतला, कोणी साकळलेल्या रक्तातले पाणी. कोणी नमुना तासाभरात थंड केला, कोणी संध्याकाळपर्यंत टेबलावर ठेवला. २०१२ मध्ये सिअॅटलच्याच गटाने हिशेब मांडला : घन गाठींचे रक्तातले निदर्शक म्हणून छापून आलेल्या ७९ मायक्रोआरएनएंपैकी ४६ साध्या रक्तपेशींत भरपूर असतात. नमुना काढताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी काहींची मात्रा पन्नास पटींपर्यंत बदलते. म्हणजे काही चाचण्या कर्करोगाऐवजी रक्त काढणाऱ्याचा हात मोजत होत्या.

यासमोर मुंबईतलाच दुसरा एक प्रयोग ठेवून पाहण्यासारखा आहे. डॉ. इंद्रनील मित्र आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांची चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. यंत्र नाही, सुई नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये ‘बीएमजे’त निकाल आला : पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, त्याहून लहान वयात फरक दिसला नाही. भारतात २०२२ मध्ये या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. रक्ताच्या कोणत्याही नव्या चाचणीला आपल्याकडे आधी या आरोग्यसेविकांच्या हातांशी स्पर्धा करावी लागेल. ती स्पर्धा सोपी नाही.

याद्यांमागे आणखी एक कुरूप गोष्ट लपली आहे. सिडनीच्या जेनिफर बर्न आणि सहकारी जनुकांवरच्या निबंधांत छापलेले आरएनएचे आणि प्रायमरचे अक्षरक्रम तपासतात. २०२२ च्या त्यांच्या निबंधात सातशेहून अधिक निबंधांत हे क्रम चुकीचे निघाले. म्हणजे ज्या जनुकावर प्रयोग केल्याचे लिहिले आहे, त्याला तो तुकडा लागूच पडत नाही. मायक्रोआरएनएवरचे, विशेषतः मिर-१४५ वरचे, निबंध त्यात होते. काही हलगर्जीपणा, पण काही निबंध पैसे घेऊन लिहून देणाऱ्या कारखान्यांतून आल्याचा दाट संशय आहे. या विषयाचा साचा सोपा आहे : अमुक मायक्रोआरएनए तमुक जनुकाला दाबतो आणि अमक्या कर्करोगाची वाढ रोखतो. तीन रिकाम्या जागा भरल्या की निबंध तयार. या क्षेत्रातल्या काही नामांकित प्रयोगशाळांचे निबंधही मागे घ्यावे लागले आहेत. म्हणून ‘या विषयावर इतके हजार निबंध’ हा आकडा ऐकला की मला आता दबून जायला होत नाही. मायक्रोआरएनएंची संख्याही तशीच फुगलेली. सगळ्यांत वापरल्या जाणाऱ्या यादीत माणसाचे सुमारे १९०० दुमडलेले आकडे नोंदले आहेत. कडक निकष लावणारे अभ्यासक त्यातले पाचशे-साडेपाचशेच खरे धरतात.

औषधाची कथा थोडक्यात. मिर-३४-ए हा पी-५३ या रखवालदार प्रथिनाच्या हाताखालचा. त्याची नक्कल चरबीच्या गोळ्यांत भरून एमआरएक्स-३४ नावाने २०१३ पासून वेगवेगळ्या घन गाठींच्या रुग्णांना देण्यात आली. ८५ रुग्ण झाले. तिघांच्या गाठी आक्रसल्या. पण प्रतिकारशक्ती भडकून चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी बंद झाली. वाहक द्रव्य दोषी, मात्रा दोषी की आरएनएच दोषी, यावर चर्चा झाली. शेकडो संदेशांवर एकदम हात टाकणारा रेणू साऱ्या शरीरभर सोडणे हेच मुळात धाडसाचे होते, असे मला वाटते. एका ठरावीक संदेशावर बेतलेल्या छोट्या आरएनएंचे मात्र बरे चालले आहे. अमेरिकी संशोधक फायर आणि मेलो यांच्या १९९८ च्या शोधातून आलेल्या त्या जातीच्या पहिल्या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली, पुढे कोलेस्टेरॉल उतरवणारे इन्क्लिसिरान आले. पण ही औषधे यकृतात जातात, कारण यकृत त्यांना सहज ओढून घेते. स्तनातली गाठ किंवा फुप्फुसातली वस्ती तसे करत नाही. मिर-१०-बी रोखणारा एक रेणू लोहाच्या सूक्ष्म कणांवर बसवून पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांत पहिल्या टप्प्यांच्या चाचण्यांत आहे. २००७ ते आज असा त्याचा प्रवास आहे, आणि तरीही अजून पहिलेच टप्पे.

भारतापुरते बोलायचे तर एक काम मला या सगळ्याहून निकडीचे वाटते. आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-टू या तिन्ही खुणा नसलेल्या, गाठींचे प्रमाण जास्त आहे. पुण्यातल्या आयसर आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांच्या संशोधकांनी देशभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज करून २०२० मध्ये ते सुमारे २७ टक्के काढले; पाश्चात्त्य देशांत ते साधारण १० ते १५ टक्के असते. मायक्रोआरएनएचे मोठे माहितीसंच मात्र अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या स्त्रियांचे आहेत. खारघरच्या गटालाही पडताळा घ्यायला अमेरिकेच्याच नोंदी लागल्या.

इथे मायक्रोआरएनएचा आखूडपणा कामी येतो. फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मेणात बसवलेल्या गाठीच्या ठोकळ्यांत लांब संदेशवाहक आरएनए काही वर्षांत तुकडे तुकडे होतात. बावीस अक्षरांचा तुकडा आणखी तुटण्याइतका लांबच नसतो, शिवाय आर्गोनॉटने त्याला कवटाळलेले असते. त्यामुळे जुन्या ठोकळ्यांतूनही तो वाचता येतो. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकरांनी टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळा १९४१ पासून उभ्या केल्या. तेव्हापासून आपल्या मोठ्या रुग्णालयांत असे ठोकळे जमा करण्याची रीत आहे. पुण्यात प्रशांती आणि आयसर यांनी मिळून स्तनाच्या गाठींचा संग्रह जाणीवपूर्वक बांधायला घेतला आहे. ठोकळ्यासोबत लागते ती त्या बाईची पुढची हकीकत : केमो पूर्ण झाली का, शेक घेतले का, गाठ परत आली का, कधी आली, कुठे आली. आपल्याकडे हरवते ती हीच. उपचार संपले की रुग्ण गावी जातो, फोन नंबर बदलतो, पुढची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होते आणि तिचा कागद मुंबईला पोचत नाही. बार्शीला १९८७ पासून चालू असलेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत कार्यकर्ते गावोगाव जाऊन माहिती गोळा करतात, म्हणून तिथल्या रुग्णांचे पुढे काय झाले हे सांगता येते. त्या पद्धतीचा पाठपुरावा ठोकळ्यांच्या कपाटांना जोडला, तर ट्रिपल निगेटिव्ह गाठींत कोणता मायक्रोआरएनए खरोखर पुढचे सांगतो, हे भारतीय स्त्रियांवरच तपासता येईल. त्यासाठी लागणारे वाचनयंत्र खारघरला आणि पुण्याला आधीच आहे. पगार द्यावे लागतील ते गावोगाव जाणाऱ्या माणसांचे.